डीसीत पास, एसीत नापास: इन्सुलेशनच्या पोटातली ठिणगी

बेळ्ळंदूरहून पुन्हा एकदा तुमच्यासमोर. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात ओळख: मी फौजेत ईएमई शाखेत होतो, म्हणजे फौजेची रडारं, जनरेटर, गाड्या चालू ठेवणाऱ्या लोकांत. निवृत्तीनंतर बंगळुरात राहायला आलो आणि विजेच्या गोष्टी सांगण्याचा हा उद्योग सुरू झाला.

आजचा विषय आहे उच्च दाबाच्या इन्सुलेशनच्या पोटात होणाऱ्या बारीक ठिणग्या. याला पार्शल डिस्चार्ज म्हणतात. कामावरची माणसं नुसतं 'पीडी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. पुस्तकात हा भाग वाचत असाल तर जवळ कागद-पेन्सिल ठेवा. मध्ये एक छोटं गणित आहे, चौथीच्या मुलाला येईल एवढंच.

आज मला एकच मुद्दा पटवून द्यायचा आहे. एखादं इन्सुलेशन किती व्होल्ट सोसतं, हा अर्धाच प्रश्न झाला. ते व्होल्टेज एसी आहे, डीसी आहे, की दोन्ही एकावर एक चढलेले आहेत, हा उरलेला अर्धा. तो न विचारता घेतलेली चाचणी पास झाली, तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

बुडबुडा आणि ठिणगी

आमच्या बेळ्ळंदूर तळ्याचा फेस तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. २०१५ च्या सुमारास तो वाऱ्याने उडून रस्त्यावर यायचा, गाड्यांच्या काचांवर बसायचा. फेसाचा एवढा मोठा ढीग, पण हातात घेतला तर चमचाभर पाणी. बाकी सगळी हवा. केबलच्या प्लॅस्टिकमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात किंवा इपॉक्सीच्या ओतकामात असा एखादा बुडबुडा राहिला, तर बाहेरून काही कळत नाही. माल भरीव दिसतो. विजेला मात्र तो बरोबर सापडतो.

का सापडतो? आपल्या नेहमीच्या वातावरणात एक मिलीमीटर हवेची फट साधारण साडेचार हजार व्होल्टला फुटते. तेवढ्याच जाडीचं निर्दोष एक्सएलपीई, म्हणजे हल्लीच्या बहुतेक भूमिगत केबलवर असतं ते प्लॅस्टिक, याच्या कितीतरी पट सोसतं. म्हणजे भिंत दगडी आणि मध्ये एक वीट मातीची. वीज त्या मातीच्या विटेतून उडी मारते, पण पलीकडची दगडी भिंत शाबूत असते. म्हणून पूर्ण शॉर्ट होत नाही, ब्रेकर पडत नाही, दिवेही लुकलुकत नाहीत. ठिणगी फक्त पोकळीपुरती. म्हणूनच तिला 'पार्शल', म्हणजे अर्धवट म्हणायचं.

ही ठिणगी किती मोठी? ती पिकोकुलंबमध्ये मोजतात. एक पिकोकुलंब म्हणजे सुमारे ६२ लाख इलेक्ट्रॉन. आकडा मोठा वाटतो, पण विजेच्या हिशेबात ही चिमूटसुद्धा नाही. एका ठिणगीने काही बिघडत नाही. बिघडतं ते वारंवार होण्याने. दर ठिणगीला पोकळीच्या भिंतीवर इलेक्ट्रॉन आणि आयन आदळतात, आतल्या हवेचा ओझोन आणि नायट्रोजनची आम्लं होतात, प्लॅस्टिक कणाकणाने झिजतं. भिंतीला खड्डा पडतो, खड्ड्यातून फांदी फुटते, फांदीला फांदी. या फांद्यांच्या जाळ्याला इलेक्ट्रिकल ट्री म्हणतात. ते झाड दुसऱ्या टोकाला पोचलं की केबल फुटली.

तेव्हा खरा प्रश्न असा: ठिणगी किती वेळा पडते? आणि हे उत्तर एसी आणि डीसीत अगदी वेगळं आहे.

एसी: दिवसाला ८६ लाख

एसीमध्ये व्होल्टेजची वाटणी कपॅसिटन्सच्या हिशेबाने होते. ज्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक कमी, त्याच्यावर ताण जास्त. हवेचा स्थिरांक १, एक्सएलपीईचा सुमारे २.३. त्यामुळे चपट्या पोकळीत शेजारच्या प्लॅस्टिकच्या २.३ पट ताण येतो, गोल पोकळीत साधारण सव्वापट. दुबळ्याच्या डोक्यावर जास्त ओझं, असा हा न्याय आहे.

ठिणगी पडली की पोकळीच्या दोन भिंतींवर विरुद्ध भार जमतो, आतला ताण शून्याजवळ येतो आणि ठिणगी विझते. पण एसीचं व्होल्टेज लगेच उलट्या दिशेला निघालेलं असतं. जमलेला भार आता नव्या ताणात भर घालतो आणि पुन्हा ठिणगी. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात दोनच ठिणग्या धरल्या तरी सेकंदाला १००. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका पोकळीत दिवसाला ८६ लाख ४० हजार ठिणग्या.

डीसी: तासाला एक

डीसीमध्ये व्होल्टेज स्थिर. इथे वाटणी कपॅसिटन्सने होत नाही, रोधकतेने होते. व्होल्टेज चढवताना पहिली ठिणगी पडते, भिंतींवर भार जमतो, आतला ताण संपतो. आता व्होल्टेज उलटं फिरतच नाही. पुढची ठिणगी पडायची तर हा भार प्लॅस्टिकमधून झिरपून जायला हवा आणि ताण पुन्हा चढायला हवा. एक्सएलपीईची रोधकता इतकी जबर की थंड केबलमध्ये हा काळ तासांत मोजावा लागतो. समजा तासाला एक ठिणगी. म्हणजे दिवसाला २४. कुठे ८६ लाख आणि कुठे २४!

मग डीसी बरा, असं कुणालाही वाटेल, आणि त्यात तथ्यही आहे. स्वीडनने १९५४ साली गॉटलंड बेटापर्यंत समुद्राखालून १०० किलोव्होल्ट डीसीची केबल टाकली, ती तेलात भिजवलेल्या कागदाच्या इन्सुलेशनवर.

पण डीसीची दोन कुलंगडी आहेत. पहिलं तापमान. केबल तापली की प्लॅस्टिकची रोधकता झपाट्याने उतरते. भार लवकर झिरपतो, ठिणग्या जवळजवळ येतात. शिवाय केबल आतून गरम आणि बाहेरून थंड असते. त्यामुळे जास्तीचा ताण, जो थंडपणी आतल्या तारेजवळ होता, तो बाहेरच्या थराकडे सरकतो. सकाळी तपासलेली केबल आणि भर लोडवरची केबल, ताणाच्या हिशेबाने दोन वेगळ्या केबली आहेत.

दुसरं म्हणजे अडकून राहिलेला भार. व्होल्टेज बंद केलं, टोकं अर्थ केली, तरी प्लॅस्टिकच्या आत खोल बसलेला भार तासन्‌तास राहतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन्ही एकत्र: छोटं गणित

आता पेन्सिल घ्या. एक पोकळी आहे, ती ४५०० व्होल्टला फुटते. तिच्यावर एसीचा वाटा येतो शून्याच्या वर ३००० आणि खाली ३०००. एकट्या एसीने ठिणगी पडेल? नाही. ३००० म्हणजे ४५०० पेक्षा कमी. आता एसी काढा आणि डीसीचा वाटा द्या २००० व्होल्ट. पडेल? नाही. दोन्ही चाचण्या पास.

आता दोन्ही एकत्र लावा. एसीच्या शिखरावर बेरीज ५००० होते. ४५०० ओलांडले, ठिणगी पडली. पोकळीतला ताण शून्यावर आला. बरं, आता इथे डीसी गप्प झाला, कारण भिंतीवरच्या भाराने त्याला झाकून टाकलं. पण एसी थांबलेला नाही. तो शिखरापासून तळापर्यंत खाली येतो तेव्हा एकूण ६००० व्होल्टचा उतार होतो. ६००० म्हणजे ४५०० पेक्षा जास्त! खाली येताना उलट दिशेची ठिणगी पडते. पुन्हा वर जाताना ६००० चा चढ, पुन्हा ठिणगी. सेकंदाला १००.

म्हणजे झालं काय? एसीला स्वतःच्या बळावर सुरुवात करायला जमत नव्हतं, पण एकदा सुरू झालेलं चालू ठेवायला त्याला निम्मंच बळ पुरतं. डीसीने गाडीला धक्का मारून दिला, पुढे एसीने ती चालवली. आता डीसी काढून घेतला तरी गाडी थांबत नाही.

उलट समजा, एसीचा वाटा फक्त ५०० वर-खाली आहे आणि डीसीचा ४२००. बेरीज ४७००, पहिली ठिणगी पडेल. पण नंतरचा चढउतार फक्त १००० चा. तो पुरत नाही. भार झिरपेपर्यंत पोकळी झोपलेली राहते. म्हणून डीसीवर चढलेल्या एसीचा हिशेब करताना एकच गोष्ट आधी बघायची: पोकळीच्या वाट्याला आलेला एसीचा शिखर ते तळ हा पल्ला पोकळी फोडायला पुरतो का? पुरत असेल तर ठिणग्या दिवसाला लाखांनी, नसेल तर बोटांवर मोजण्याइतक्या.

असा मिश्र ताण येतो कुठे?

बंगळुरात बसून याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. ओडिशातल्या तालचेरहून कोलारपर्यंत ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन २००३ साली चालू झाली. लांबी १४०० किलोमीटरच्या आसपास, क्षमता आधी २००० मेगावॉट, पुढे २५००. कोलार आमच्यापासून दोन तासांवर. आपल्याकडे चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॉटची लाइन १९९९ पासून विदर्भाची वीज मुंबईच्या दाराशी आणते. आणि एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली जाईपर्यंत दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका तालात चालतच नव्हतं. तोवर मोठ्या प्रमाणात वीज द्यायची-घ्यायची ती डीसीच्या पुलावरूनच. त्यातला एक पूल चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला आहे.

या प्रत्येक ठिकाणी एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारं कन्व्हर्टर स्टेशन असतं. त्यातलं सगळ्यात नाजूक यंत्र म्हणजे कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर. त्याच्या एका बाजूच्या गुंडाळीवर नेहमीचा एसी. दुसरी गुंडाळी डीसीच्या बाजूला बांधलेली. ५०० किलोव्होल्टच्या लाइनवर वरच्या टप्प्यातल्या गुंडाळीवर जमिनीच्या तुलनेत सरासरी पावणेचारशे किलोव्होल्ट डीसी असतो आणि त्यावर एसी स्वार झालेला असतो. म्हणजे आपण आत्ता केलेलं गणित, शंभर पटीने मोठं.

आत इन्सुलेशन आहे तेल आणि प्रेसबोर्ड, म्हणजे दाबून केलेला जाड पुठ्ठा. एसीमध्ये तेलावर पुठ्ठ्याच्या जवळजवळ दुप्पट ताण येतो. डीसीमध्ये उलट. पुठ्ठ्याची रोधकता तेलाच्या दहापट ते शंभरपट किंवा त्याहून जास्त, म्हणून बहुतेक डीसी पुठ्ठा उचलतो. एकाच रचनेत एसीचा भार तेलावर आणि डीसीचा पुठ्ठ्यावर. एसीपुरती रचना केली तर डीसीत पुठ्ठा मार खाणार, डीसीपुरती केली तर एसीत तेल.

आणि सगळ्यात अवघड घडी म्हणजे ध्रुव बदलण्याची. वीज उलट दिशेने पाठवायची तर अशा लाइनवर डीसीचा ध्रुव उलटवतात. बाहेरचं व्होल्टेज चटकन उलटतं, पण तेल आणि पुठ्ठ्याच्या सीमेवर बसलेला भार जागचा हलत नाही. त्या काही मिनिटांत जुना भार आणि नवं व्होल्टेज दोघं मिळून तेलाला दाबतात.

म्हणून या ट्रान्सफॉर्मरच्या चाचणीत एसीची चाचणी वेगळी, डीसीची दोन तासांची वेगळी आणि ध्रुव उलटवण्याची वेगळी. तिसरीत आधी ९० मिनिटं ऋण, मग झटक्यात उलटवून ९० मिनिटं धन, मग पुन्हा उलटवून ४५ मिनिटं ऋण. ९० मिनिटं कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर तुमच्याकडे आता आहे: भार सरकून स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. पाच मिनिटांत डीसी चाचणी उरकली, तर तुम्ही डीसी तपासलाच नाही, फक्त चढतं व्होल्टेज तपासलंत.

मोजायची पद्धतही बदलते. एसीत ठिणग्या लाटेच्या कोणत्या भागात पडतात याचं चित्र काढतात, आणि अनुभवी माणूस त्या चित्रावरून सांगतो की ही पोकळी आहे, की टोकदार काही आहे, की पृष्ठभागावरची सरपट आहे. डीसीत लाटच नाही, मग चित्र कशावर काढणार? तिथे ठोके मोजतात आणि दोन ठोक्यांमधला काळ बघतात. कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरच्या डीसी चाचणीचा नियमच असा होता की शेवटच्या ३० मिनिटांत २००० पिकोकुलंबचे किंवा त्याहून मोठे ठोके ३० पेक्षा जास्त नकोत. एसीत असा हिशेब कुणी करत नाही, कारण तिथे ३० ठोके म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा.

आमच्या सोसायटीची केबल

आता म्हणाल, साहेब, कोलार आणि पडघ्याशी आमचा काय संबंध? तर ऐका. आमच्या सोसायटीला ११ किलोव्होल्टची वीज मिळते आणि आवारातली केबल सोसायटीच्या मालकीची. तिला मध्ये एक जोड आहे. मागे एकदा पावसाळ्याआधी कमिटीने केबल तपासून घेतली. ठेकेदाराने डीसी लावला, पंधरा मिनिटं ठेवला, गळती करंट नगण्य, 'पास' असा कागद दिला.

सेक्रेटरी बेळगावचा तरुण. मला म्हणाला, "काका, कागद आलाय, मेगरचा आकडाही उत्तम आहे. आता अजून एक चाचणी कशाला? मीटिंगमध्ये लोक मला पैशाचं विचारतील."

मी त्याला म्हटलं, "अरे, ही केबल रोज कशावर चालते? एसीवर. तू तिला विचारलंस डीसीवर. परीक्षा मराठीची आणि पेपर काढला गणिताचा. आमच्या दोन इमारतींत घरी ऑक्सिजनची मशीन लावलेली माणसं आहेत. पावसात केबल गेली तर दुसऱ्या दिवशी तुला कुणी पैशाचं विचारणार नाही, दुसरंच विचारतील."

शिवाय मघाशी सांगितलेला अडकलेला भार. जुन्या एक्सएलपीई केबलला जबर डीसी दिला की तिच्या आत भार बसतो. मग तिच्यावर ११ किलोव्होल्ट एसी सोडला की इन्सुलेशनला प्रत्यक्षात एसी अधिक डीसी असा मिश्र ताण सोसावा लागतो, आपण दिलेला नसतानाही. म्हणूनच चालू वापरातल्या अशा केबलींसाठी जगभर डीसी चाचणी मागे पडली आणि ०.१ हर्ट्झच्या संथ एसीची पद्धत आली. तिला व्हीएलएफ म्हणतात. लाट संथ असल्यामुळे यंत्र लहान, गाडीत मावणारं.

कमिटी तयार झाली. व्हीएलएफ लावून त्यासोबत पीडी मोजला. ठोके येऊ लागले, आणि ते सगळे एकाच अंतरावरून. हे अंतर कसं कळतं? ठिणगीचा ठोका केबलमधून दोन्ही बाजूंना धावतो, मायक्रोसेकंदाला साधारण १६० ते १७० मीटर. एक सरळ येतो, दुसरा लांबच्या टोकाला आपटून मागून येतो. दोघांतल्या वेळेच्या फरकावरून जागा निघते. ती जागा जोडाची होती.

जोड उघडला. वरचा काळा अर्धवाहक थर सोलताना सुरी खोल गेली होती आणि पांढऱ्या इन्सुलेशनवर गोल खाच पडली होती. त्या खाचेत हवा. कडेने काळपट रेघा निघायला लागल्या होत्या. डीसीत ती खाच एकदा ठिणगी टाकून झोपी गेली असणार, आणि गळती करंटला ती दिसण्याचं कारणच नव्हतं, कारण बाकीची दगडी भिंत अजून उभी होती. एक जोड बदलला, भागलं.

तुम्ही काय विचाराल?

सोसायटीत, कारखान्यात, शेतीच्या पंपाच्या सबस्टेशनवर तुमच्यापुढे चाचणीचा कागद आला तर तीन प्रश्न विचारा. एक: हे यंत्र रोज ज्या प्रकारच्या व्होल्टेजवर चालणार, त्याच प्रकारच्या व्होल्टेजवर तपासलं का? दोन: किती वेळ आणि किती तापमानाला? तीन: नुसती गळती मोजली की पीडीही मोजला? मेगरला नावं ठेवू नका. ओलावा आणि ढोबळ दोष तो पटकन दाखवतो. पण कोरडी, चिमुकली पोकळी त्याच्या नजरेत येत नाही.

आणि हे ज्ञान आता फक्त मोठ्या लाइनींपुरतं राहिलेलं नाही. हवेची फट कितीही लहान-मोठी असो, सुमारे सव्वातीनशे व्होल्टच्या खाली तिच्यात ठिणगी पडत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. ४८ व्होल्टच्या स्कूटरला म्हणून काळजी नाही. पण ८०० व्होल्ट बॅटरीच्या गाड्या येत आहेत, आणि त्यांच्या मोटरला इन्व्हर्टर डीसीचे झटपट तुकडे करून देतो. तिथल्या वार्निशच्या पातळ थराला हीच परीक्षा द्यायची आहे. उंचावर तर आणखी. लेहला हवा विरळ, मिलीमीटरभर फट तिथे सपाटीपेक्षा कमी व्होल्टला फुटते. फौजेत उंचावर नेलेल्या प्रत्येक उच्च दाबाच्या उपकरणाला हा हिशेब आम्ही लावत असू.

अशा चाचण्या जिथे होतात त्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचं मुख्यालय बंगळुरातच आहे, १९६० साली स्थापन झालेलं. मराठी मुलामुलींपैकी कुणी इलेक्ट्रिकलला असेल, तर उच्च दाबाचा हा विषय घ्या. माणसं कमी आहेत आणि काम वाढतंय.

पुढच्या भागात अर्थिंगवर बोलू: खड्ड्यात मीठ-कोळसा घालायचा की नाही. तोवर आपल्या केबलच्या जोडांची यादी काढून ठेवा. जय हिंद.